मुलगी म्हणते हेरल्ड व्हायचंय. ह्यात पोट भरतं का?

सानपाडा_माई:

नमस्कार मंडळी. विषय जरा चमत्कारिक आहे. कोणत्या विभागात टाकावा ते कळेना, म्हणून शिक्षण-नोकरीत टाकतेय. चुकीच्या जागी असेल तर संपादकांनी हलवावा.

माझी धाकटी. इतिहासात बी.ए., मग म्युझिऑलॉजीचा डिप्लोमा, आणि सध्या दक्षिण मुंबईत जुन्या वस्तूंचे लिलाव करणाऱ्या एका ठिकाणी कॅटलॉगिंग करते. म्हणजे दिवसभर चांदीचे ट्रे, चहाच्या किटल्या, चिनी मातीच्या थाळ्या उलट्या करकरून बघायच्या, मोजायच्या, फोटो काढायचे आणि खाली चार ओळी लिहायच्या. पगार विचारू नका. सानपाडा ते सीएसएमटी हार्बरने जाते-येते, तेवढ्यात तिचं वाचन होतं.

दिवाळीनंतर कधीतरी तिच्याकडे एक चांदीची तबकडी आली. मधोमध कोरलेली ढाल, ढालीत सिंह की कुत्रा असं काहीतरी, वर शिरस्त्राण. ती कोणाची हे शोधता शोधता बाईसाहेबांना जे वेड लागलं ते लागलंच. फ्रिजवर बिलांच्या जागी ढालींची चित्रं. वरणभात कालवताना सुरू होते, "आई, डाव्या अर्ध्यात नवऱ्याचं घराणं, उजव्यात बायकोचं." आता म्हणते लंडनला कॉलेज ऑफ आर्म्स आहे, तिथे राजाने नेमलेले हेरल्ड, म्हणजे घराण्यांची, संस्थांची ढालीवरची चिन्हं ठरवणारे आणि नोंदवणारे अधिकारी असतात, त्यातले काही जण आधी म्युझियममध्येच होते, तर मलाही त्याच वाटेने जायचंय. ह्यांनी विचारलं, "फी किती त्या कॉलेजची?" तर म्हणे, "बाबा, तिथे कोणी शिकवत नाही."

आता मला सांगा, अशी खरंच नोकरी असते का? पगार असतो का? परीक्षा द्यावी लागते का? आपल्याकडे असलं काही आहे का? तिला तोंडावर नाही म्हणायचं नाहीये. मोठीला म्हटलं होतं, ती अजून ऐकवते. पण २६ पूर्ण झाली आहेत, आणि स्थळाकडच्यांना "मुलगी काय करते?" ह्याचं उत्तर देताना आत्ताच माझी त्रेधा उडते. त्यात हे.

ऐरोली_नाका:

राजाच्या पुढे तुतारी वाजवत जाणारे, तेच ना? पॅकेज कळलं की इथे टाका, आमच्या चिरंजीवांनाही पाठवतो. कोडिंगमध्ये आता तेवढीही शाश्वती राहिली नाही. (माई, हलके घ्या.)

चरई_तळ्याकाठी:

माई, पगाराचं आधी सांगते, म्हणजे धस्स व्हायचं ते एकदाच होईल.

लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्समध्ये एकूण तेरा अधिकारी. वरती तीन किंग ऑफ आर्म्स, मध्ये सहा हेरल्ड, खाली चार पर्सिव्हंट. सुरुवात सहसा पर्सिव्हंटपासून होते. सरकारी मानधन असं : पर्सिव्हंटला १३ पौंड ९५ पेन्स, हेरल्डला १७ पौंड ८० पेन्स, आणि सगळ्यांचा प्रमुख जो गार्टर, त्याला ४९ पौंड ७ पेन्स. हे महिन्याचं नाही, वर्षाचं. शतकांपूर्वी ठरलेले आकडे, मध्ये एकदा कमी झाले, वाढले कधीच नाहीत.

मग ते खातात काय? वकिलासारखी प्रॅक्टिस करतात. कोणाला नवीन चिन्ह हवं असतं, कोणाला वंशावळ तपासून हवी असते, त्याची फी. आळीपाळीने एकेका अधिकाऱ्यावर बाहेरच्या चौकशीची ड्यूटी येते. त्या दिवसांत दारातून, फोनवरून जे येईल ते अशील त्याचं. कॉलेजला सरकारी अनुदान नाही, त्यामुळे इमारतीचं छप्पर गळलं तरी ह्याच कमाईतून. मान राजाकडून, भाकरी अशिलाकडून.

परीक्षा नाही. जाहिरात बघून अर्ज टाकला असंही सहसा होत नाही. कोणीतरी निवृत्त व्हावं लागतं किंवा जावं लागतं, मग अर्ल मार्शल (हे पद ड्यूक ऑफ नॉरफोकच्या घराण्यात वंशपरंपरेने आहे) नाव सुचवतो आणि राजा नेमणूक करतो. तोवर इच्छुक मंडळी एखाद्या अधिकाऱ्याची मदतनीस म्हणून नोंदी शोधत, नकला करत वर्षं काढतात. सकाळच्या ठाणे लोकलमध्ये कोण घाटकोपरला उतरणार ह्याचा अंदाज घेत सीटपाशी उभं राहायचं, तसं.

इथवर वाचून तुम्ही मुलीला नाही म्हणायला उठला असाल तर जरा बसा. तिचं एक म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. ही माणसं येतात ती खरोखरच अशाच वाटांनी.

एलिझाबेथ रोड्स घ्या. क्रिस्टीज ह्या लिलाव कंपनीत काही वर्षं काम केलं, १९७५ मध्ये एडिनबरोच्या लायन कोर्टात आल्या, १९८६ ते २०१८ तिथल्या लायन क्लार्क, १९९२ मध्ये कॅरिक पर्सिव्हंट, २०१० मध्ये स्नोडून हेरल्ड. (स्कॉटलंडचं सगळं वेगळं आहे. तिथे लायन कोर्ट हे ह्या चिन्हांचं रीतसर न्यायालय आहे, दुसऱ्याचं चिन्ह वापरलं तर खटला होऊ शकतो.) क्लाइव्ह चीझमन ब्रिटिश म्युझियममध्ये नाण्यांच्या विभागात क्युरेटर होते. १९९८ मध्ये रूज ड्रॅगन पर्सिव्हंट झाले, २०१० मध्ये रिचमंड हेरल्ड. चार्ल्स बर्नेट हे कलाशाळेतून आलेले संग्रहालयवाले, ते स्कॉटलंडचे रॉस हेरल्ड झाले. तुमची लेक लिलावाच्या दुकानात किटल्या उलट्या करते ना? मग रोड्सबाईंनी सुरुवात केली त्याच उंबऱ्यावर उभी आहे.

असं का होतं, ते सांगण्याचा मला थोडा हक्क आहे. मीही नोकरीभर हेच केलं. मुंबईतल्या एका संग्रहालयात सजावटीच्या कलांचा विभाग सांभाळला. चांदी, काच, चिनी माती, लाखकाम, हस्तिदंत. आता चरईत घरी बसून लोकांच्या धाग्यांवर गरजेपेक्षा लांब लिहिते.

तिची तबकडीच घ्या. मागे हॉलमार्क असतो, त्यातल्या अक्षरावरून चांदी कोणत्या वर्षी तपासली गेली ते कळतं. नवखा माणूस तिथेच खूश होऊन वर्ष लिहून मोकळा होतो. पण पुढची ढाल त्याच वर्षी कोरली हे कशावरून? ढालीभोवतीची नक्षी बघायची. एका बाजूला कललेली, शिंपल्यासारखी वळणं असतील तर अठराव्या शतकाचा मधला काळ. साधी फावड्याच्या पात्यासारखी ढाल आणि भोवती नाजूक माळा असतील तर त्याच शतकाची अखेर. हॉलमार्क १७५०च्या आसपासचा आणि ढाल १७९०च्या धाटणीची निघाली, तर समजायचं की मधे वस्तू विकली गेली आणि नव्या मालकाने जुन्या घराण्याचं चिन्ह घासून आपलं कोरून घेतलं. मग तबकडीवर तोंडाने हळूच वाफ सोडायची. वाफ धरते त्या क्षणी पुसलेल्या रेघांची छाया कधी कधी उठते. अंगठ्याने मध्यभागी हलकं दाबलं की तिथला पत्रा बाकीच्यापेक्षा लवतो, कारण घासून पातळ झालेला असतो. हे पुस्तकात वाचून येत नाही, हातालाच कळावं लागतं.

रंगाचं आणखी मजेशीर आहे. चांदीवर रंग कुठून आणणार? त्यासाठी रेघांची भाषा आहे, पेत्रा सांक्ता नावाच्या जेझुइट पाद्र्याच्या १६३८च्या पुस्तकामुळे ती रूढ झाली. उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनेरी, उभ्या-आडव्या जाळीचा काळा, कोरं ते रुपेरी. केसासारख्या बारीक रेघा असतात, भिंगाखालीच दिसतात. आपल्याकडच्या घरांतून आलेल्या चांदीवर त्या नेमक्या गायब! पिढ्यान् पिढ्या टूथपावडरने घासलेली असते ना. मग लाल ढाल रुपेरी वाचली जाते आणि कॅटलॉगमध्ये भलत्याच घराण्याचं नाव जातं.

डावं-उजवं ती सांगते ते बघणाऱ्याच्या बाजूने बरोबर, फक्त हेरल्ड ढाल धरणाऱ्याच्या बाजूने मोजतात, म्हणून त्यांचं डावं-उजवं उलटं. बघणाऱ्याच्या डाव्या अर्ध्यात नवरा, उजव्यात बायको. म्हणजे वस्तू लग्नानंतरची. कोपऱ्यात छोटा लाल पंजा दिसला तर मालक बॅरोनेट असण्याची शक्यता, आणि ती पदवी १६११ मध्ये सुरू झाली. चंद्रकोर असेल तर बहुधा दुसरा मुलगा. एवढे धागे जुळले की घराणं सापडतं, मग चर्चच्या नोंदीत लग्न, आणि ज्या चहाच्या भांड्यावर "अंदाजे अठरावं शतक" लिहिलेलं असतं, त्यावर पाच-सात वर्षांच्या आतला काळ लिहिता येतो. कँटनहून मागवलेल्या चिनी मातीच्या जेवणाच्या सेटांचंही हेच. विलायतेतून ढालीचं चित्र जायचं, तिथला रंगारी ते बरहुकूम उतरवायचा. इतकं बरहुकूम, की चित्रात रंगांची नावं इंग्रजीत लिहून दिली तर ती अक्षरंसुद्धा थाळीवर उतरली, अशा थाळ्या आहेत.

हेरल्ड हेच काम उलट्या टोकाकडून करतो. समोर एखादी नगरपालिका, विद्यापीठ किंवा निवृत्त न्यायाधीश बसलेला असतो. त्याला असं चिन्ह द्यायचं, जे आजवरच्या नोंदींतल्या कुठल्याही चिन्हाशी जुळत नाही, लांबून ओळखू येतं आणि चमच्याच्या दांडीवर कोरलं तरी टिकतं. ज्याने हजार चमचे पाहिलेत त्याला चौथं फूल कुठे जास्त होतंय ते लगेच कळतं. चर्मपत्रावर रंगवतात दुसरे चित्रकार, काय रंगवायचं ते अधिकारी ठरवतो. म्हणून म्युझियमची माणसं तिथे शोभतात.

तेव्हा माझं मत सरळ आहे. हेरल्ड व्हायचं म्हणून हेरल्ड्रीच्या (ह्या ढालींच्या शास्त्राच्या) मागे लागू नये. तिने चांदी पक्की करावी. नुसती विलायती नाही, कच्छची, मद्रासची, लखनौचीसुद्धा. भुजच्या ओमरसी मावजी ह्या चांदीच्या कारागिराचं काम तिला डोळे मिटून ओळखता यायला हवं. त्यात पोट भरतं, फार नाही, पण भरतं. ढाली वाचणारी माणसं ह्या शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे तिची किंमत आपोआप वाढेल. पुढचं पुढे.

बेलापूर_टीस्क्वेअर:

+१. वर सगळं आलंच आहे, मी फक्त ड्रॉइंगच्या बाजूने भर घालतो. मी लोगो, साइनेज वगैरे करतो. आम्ही गिऱ्हाइकाला लोगो देतो तेव्हा सोबत जाडजूड मॅन्युअल देतो. निळा म्हणजे हाच नंबरचा निळा, भोवती एवढीच जागा मोकळी, अक्षराची जाडी बदलली तर खबरदार.

मध्ये एका इंग्लंडमधल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं काम आलं, त्यांच्या शाळेला रीतसर चिन्ह दिलेलं होतं. मी विचारलं, मूळ आर्टवर्क पाठवा. त्यांनी एक वाक्य पाठवलं. जुन्या फ्रेंच वळणाचं, की निळ्या ढालीवर सोनेरी अमुक, वर तमुक. म्हणाले, हेच मूळ. ह्या वाक्यात बसेल असं कसंही काढा, निळा कुठलाही चालेल, सिंह बारीक-जाड तुमच्या हातावर. मी दोन दिवस चक्रावलो होतो. चित्र नाही, वर्णन हीच नोंद! पाचशे वर्षांपूर्वीची चिन्हं आजही शिळी दिसत नाहीत त्याचं कारण हे असावं. प्रत्येक पिढी आपल्या हाताने पुन्हा काढते. आमचे लोगो मात्र दहा वर्षांत रीब्रँडिंगला येतात (आणि त्यावर माझं घर चालतं, त्यामुळे तक्रार नाही).

एक नियम मी तेव्हापासून साइनेजमध्ये चोरून वापरतो : सोनेरी-रुपेरीवर पुन्हा सोनेरी-रुपेरी ठेवायचं नाही, आणि गडद रंगावर गडद रंग ठेवायचा नाही. पाम बीच रोडवर ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्यालाही पाटी वाचता येते.

कळवा_फास्ट:

सगळं छान आहे हो, पण हे साहेबांच्या सरदारकीचे चोचले आपण कशाला उचलायचे? कुठल्यातरी ड्यूकच्या चमच्यावरचा कुत्रा ओळखून आपल्या पोरींनी काय मिळवायचं? आपल्याकडे शिवाजी महाराजांची मुद्रा आहे, गडांच्या दरवाजांवर शरभ (सिंहासारखे काल्पनिक प्राणी) कोरलेले आहेत, त्यांचा अभ्यास करायला कोणी नाही. आणि चाललेत लंडनला.

चरई_तळ्याकाठी:

कळवेकर, निम्मं मान्य. ज्या निम्म्यावर भांडायचं आहे ते सांगते.

१८७७चा दिल्ली दरबार. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करायचं होतं. व्हॉइसरॉय लिटनने ठरवलं की एकेका संस्थानिकाला युरोपी पद्धतीची ढाल असलेला ध्वज द्यायचा. ढाली ठरवल्या रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालच्या सनदी अधिकाऱ्याने. ध्वजांचं काम मात्र गेलं लॉकवूड किपलिंगकडे. हा माणूस कोण? स्टॅफर्डशरच्या कुंभारकामाच्या गावात शिकलेला, साउथ केन्सिंग्टनच्या म्युझियमवर सजावटीचं काम केलेला, १८६५ मध्ये आपल्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला आलेला. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची दगडातली कोरीव शिल्पं बघा, ती त्याची. १८७५ मध्ये तो लाहोरला गेला आणि तिथून हे सॅटिनचे ध्वज केले. इतके जड झाले की धड उचलता येईनात. म्हणजे सजावटीच्या कलेतल्या माणसाने हेरल्डचं काम करायचं, हे दीडशे वर्षांपूर्वी आपल्याच अंगणात घडलंय.

त्यात राजकारण होतंच, ते मी झाकत नाही. साहेबाने आपल्या राजांना आपल्या चौकटीत बसवलं. पण त्या चौकटीत काय बसलं तेही बघा. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे नाग, म्हैसूरचा दोन तोंडांचा गंडभेरुंड. हे तर साहेबाच्या आधीपासूनचे. कोणतं चिन्ह जुनं आणि कोणतं दरबारासाठी घडवलेलं, हे वेगळं करायचं असेल तर दोन्ही भाषा वाचता यायला हव्यात. निव्वळ अभिमानाने ते होत नाही.

तुम्ही शरभांचं म्हणालात. जंजिऱ्याच्या दरवाजावरचा तो प्राणी आठवतो का? एकटा, आणि सहा हत्तींना पकडून बसलाय. त्याच्यासमोर मी पर्यटक सेल्फी काढताना पाहते, मान वर करून हत्ती मोजणारा विरळा. ह्या दरवाजांवरच्या प्राण्यांची गडवार, नीट मोजमापांसकट नोंद एखाद्या अशा मुलीनेच करावी जिला ढालीवरच्या सिंहाचा पंजा कुठे वळतो हे बघायची सवय लागली आहे. महाराजांच्या मुद्रेचा अष्टकोन २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला नौदलाच्या नव्या ध्वजावर आला, तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बरोबरच होतं. पण गोल नाही, चौकोन नाही, अष्टकोनच का निवडला असेल, ह्यावर किती जण बोलले?

माई, तुमच्या प्रश्नाचं राहिलेलं उत्तर : भारतात असं पद नाही. प्रजासत्ताक झालो त्या दिवशी, २६ जानेवारी १९५० ला, सारनाथचे सिंह घेतले. राजचिन्हाचा गैरवापर होऊ नये म्हणून २००५चा कायदा आहे. पण कोणाला चिन्ह बहाल करणारं, नोंदवून ठेवणारं हेरल्ड्रीचं कार्यालय इथे नाही. पालिका, विद्यापीठं आपापली मुद्रा आपापली ठरवतात, आणि काही बघून वाटतं की असं कार्यालय असतं तर बरं झालं असतं. नावं घेत नाही, ठाण्यात राहायचंय.

डोंबिवली_ते_ओटावा:

उशिरा आलो, इथे रात्र होती. सगळे लंडनमध्ये अडकलेत म्हणून सांगतो, माई : पगारी हेरल्ड हवे असतील तर ते इकडे आहेत. कॅनडाने १९८८ मध्ये स्वतःचं हेरल्ड्रीचं कार्यालय काढलं, ते गव्हर्नर जनरलच्या कार्यालयाचा भाग आहे. म्हणजे सरकारी नोकरी, सुट्ट्या, पेन्शन. पहिले चीफ हेरल्ड रॉबर्ट वॉट हे आधी व्हँकुव्हरचे नगर-अभिलेखपाल आणि मग तिथल्या म्युझियमचे संचालक होते, तिथून ह्या पदावर आले आणि २००७ पर्यंत राहिले. म्हणजे चरईच्या ताई म्हणतात तोच मार्ग. त्यांच्यानंतर आलेल्या क्लेअर बूद्रो मध्ययुगीन हेरल्ड्रीच्या अभ्यासक.

इथल्या हेरल्डांची पदनावं नद्यांवरून आहेत. फ्रेझर हेरल्ड, सेंट लॉरेन्स हेरल्ड, अथाबास्का हेरल्ड. आपल्याकडे झालं तर उल्हास हेरल्ड, काळू हेरल्ड, वैतरणा हेरल्ड. मला स्वतःला भातसा हेरल्ड आवडेल.

पण दोन अडचणी. पदं अगदी मोजकी आहेत. आणि सगळं काम इंग्रजी व फ्रेंच दोन्हींत चालतं, त्यामुळे फ्रेंच नुसतं येऊन भागत नाही, त्यात लिहिता आलं पाहिजे. मुलगी गंभीर असेल तर आजपासून फ्रेंच धरा. हेरल्ड झाली नाही तरी ते वाया जात नाही. त्यांची नोंदवही नेटवर सगळ्यांसाठी खुली आहे, तिथे ती कितीही वेळ रमू शकते. इथल्या मूळ रहिवाशांच्या कलेतले कावळे, देवमासे ढालीवर कसे आणलेत ते तिला जरूर बघायला सांगा. कळवा_फास्ट, तुम्हीही बघा. ड्यूकच्या कुत्र्यापलीकडे बरंच काही आहे.

सानपाडा_माई:

सगळ्यांचे मनापासून आभार. तेरा पौंड वाचून ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला, पण रोड्सबाईंचं वाचून पुन्हा उचलला.

धागा लेकीला पाठवला. तिने पहिलं काय केलं तर ऑफिसमध्ये तबकडीवर वाफ सोडली. ढालीखाली काही उठलं नाही म्हणे, पण अंगठ्याने दाबल्यावर पत्रा लवतो की नाही ह्यावरून तिथे दोघांत वाद चालू आहे. फ्रेंचला तयार आहे. वाशीतच क्लास शोधते म्हणाली.

चरईच्या ताई, दोन गोष्टी विचारायच्या होत्या. एक, लंडनला न जाता इथल्या इथे तिला काय काय बघता येईल? आणि दुसरं, तुमची हरकत नसेल तर एखाद्या रविवारी ती तुम्हाला भेटायला आली तर चालेल का? फार वेळ घेणार नाही.

चरई_तळ्याकाठी:

वेळ घेईलच, आणि घेऊ दे. रविवारी नको, माझ्याकडे सगळा गोतावळा असतो. शनिवारी दुपारी चालेल, व्यनि करा. तबकडीचा फोटो नको, ढाल तिने स्वतः पेन्सिलीने कागदावर उतरवून आणावी, रेघांसकट. काढताना जे दिसतं ते फोटोत दिसत नाही. आणि किंमत किती येईल हे मला विचारायचं नाही, ते तिच्या साहेबांना विचारावं.

बघायचं म्हणाल तर रोज ज्या स्टेशनात उतरते तिथूनच सुरुवात. सीएसएमटीच्या बाहेरच्या भिंतीवर जुन्या जीआयपी रेल्वेचं चिन्ह आहे, हत्ती आणि इंजिन. ठाण्यापर्यंत पहिली गाडी आणली तीच कंपनी. समोर महापालिकेची १८९३ची इमारत. मग भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ मध्ये उघडलं तेच मुळी हस्तकला आणि सजावटीच्या कलांसाठी, तिथे एक पूर्ण दिवस द्यावा, धावतपळत नाही.

आणि वसईचा किल्ला. सगळे चिमाजी अप्पांचा पुतळा बघून परत फिरतात. आत फ्रान्सिस्कन चर्चमध्ये जायचं आणि खाली बघायचं. फरशीत पोर्तुगीज सरदारांच्या थडग्यांचे दगड आहेत, त्यांवर कोरलेल्या ढाली. १७३९ मध्ये किल्ला मराठ्यांनी घेतला, त्याच्या आधीच्या सगळ्या. त्यात रंगांच्या रेघा शोधत बसू नको म्हणावं, दगडात आकारच वाचायचे. सकाळी लवकर पोचावं, ऊन तिरपं असतं तेव्हाच झिजलेलं कोरीवकाम वर येतं, बारा वाजता सगळं सपाट दिसतं. सोबत मऊ ब्रश, पाण्याची बाटली, वही. दगडावर खडू घासायचा नाही, पाणी ओतायचं नाही. सानपाड्याहून कुर्ल्याला बदलून दादर, तिथून विरार लोकल, वसई रोडला पश्चिमेला उतरून बस किंवा रिक्षा. पावसाळ्यात जाऊ नये, शेवाळाने फरशी घसरडी होते. डबा घरून न्यावा, आत खायला काही मिळत नाही.